मिनूची लाल गोधडी

आमच्या घरात भाजी कोणती करायची हे सोडून बाकी सगळं सभेत ठरायचं. भाजीही एकदा विषयपत्रिकेवर आली होती, पण "मग सभेनेच निवडा आणि सभेनेच फोडणी घाला," असं आईने सांगितल्यावर तो विषय कायमचा तहकूब झाला. सभा रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर. अध्यक्ष बाबा. इतिवृत्त लिहायचं तेही बाबांनीच, काळ्या पुठ्ठ्याच्या एका लांबट वहीत, प्रत्येक ठरावाखाली किती बाजूने, किती विरुद्ध, कोण तटस्थ, सगळं. मत सगळ्यांना होतं, साडेपाच वर्षांच्या मिनूलासुद्धा. "जो या घरात जेवतो त्याला मत आहे," हे बाबांचं तत्त्व. त्या न्यायाने मांजरीलाही मत द्यावं लागेल, असं आई म्हणायची, आणि बाबा त्यावर खरोखरच विचार करत बसायचे.

डोंबिवली पूर्वेला, जिथे वस्ती संपून भाताची खाचरं सुरू व्हायची, तिथे एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात होते आणि कारखान्यातून उरलेला सगळा वेळ संघटनेत. संघटनेचं सायक्लोस्टाइल यंत्र आमच्या बाहेरच्या खोलीत, जिथे दुसऱ्या कुणाच्या घरात दिवाण असता, तिथे मानाने बसलेलं होतं. त्याचा "खटाक्, सर्र" असा आवाज हेच आमचं अंगाईगीत. मी अक्षरं शिकले ती फसलेल्या पत्रकांवरून. शाळेची कच्ची वही म्हणजे पत्रकांच्या कोऱ्या बाजू. शेंगदाणे पत्रकात, पापड पत्रकावर, मिनूच्या होड्या पत्रकांच्या. माझं नाव क्रांती आणि मिनूचं खरं नाव समता, यावरून बाकीचं समजून घ्यावं. सतराव्या वर्षी मी अशी झाले होते की दूध नको असेल त्या दिवशी दारात चिठ्ठी अडकवायची तर तीसुद्धा "दूधवाले बंधू, विचार करा!" अशी सुरू व्हायची. माझी मुलगी आजही म्हणते की माझे मोबाइलवरचे निरोप वाचताना मूठ आपोआप वळते.

तर अशा घरात एक खाट आली. मिनू जूनमध्ये पहिलीत जाणार होती आणि तोवर ती खाली सतरंजीवर आईच्या कुशीत झोपायची. ठाण्याच्या मामाचा मुलगा मोठा झाला म्हणून त्याची छोटी लाकडी खाट मामाने आमच्याकडे पाठवायचं ठरवलं. पाठवायचं म्हणजे मामा स्वतः टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून आला. शीळफाट्यावर टेंपोचं चाक बसलं, म्हणून सकाळी टेंभी नाक्यावरून निघालेला माणूस आमच्या दारात भर दुपारी, घामाने निथळत उतरला आणि आधी जेवायला मागितलं. आईने तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. चौथी भाकरी संपल्यावर मामाने टेंपोतून आणखी एक वस्तू काढली. फोमची गादी. तिच्यावर पिवळ्या बदकांची चादर, आणि प्रत्येक बदकाच्या डोक्यावर टोपी. खाट निळ्या ऑइलपेंटची, कडेला छोटा कठडा. मिनू त्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, आणि खाटेकडे बघायच्या ऐवजी आईकडे बघत राहिली. ते मी पाहिलं होतं. पण तेव्हा मी बदकांवर चिडलेली होते.

"टोपी घातलेलं बदक आपल्याकडे कुणी पाहिलंय का?" मी म्हणाले. "ही कुणाची बदकं आहेत?"

"बदकं माझी आहेत," मामा म्हणाला. "ठाण्यातून घेतलीत. पोरीला मऊ झोपू दे गं क्रांते. उठाव सकाळी कर."

बाबांनी तिथेच सभा बोलावली. मामा परत जायच्या आत निर्णय व्हायला हवा होता. विषय एकच: समताच्या खाटेवरील बिछाना. आईचं म्हणणं साधं होतं: पिंजारी येतो, अंगणात कापूस पिंजून घेऊ, त्याची एक छोटी गादी भरू, वर जुनं मऊ लुगडं. मामा बदकांच्या बाजूने. आणि मी? माझ्याकडे योजना तयार होती. गेल्या वर्षीच्या लढ्यातले कापडी फलक ट्रंकेत पडून होते, लालभडक कापडावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली अक्षरं. त्यांची गोधडी करायची. कष्टकऱ्याच्या मुलीने कष्टकऱ्यांच्या कापडावर झोपायचं. आणि वर चादर घालायची नाही, कारण खालचं झाकणारी चादर म्हणजे ढोंग. हे मी बोलून दाखवलं नाही, तर बोलता बोलता लिहिलं, आणि मामाचा दुसरा चहा होईपर्यंत यंत्रावर छापलं. "हा बिछाना कोणाचा?" घरात माणसं चार आणि प्रती पंचवीस. उरलेल्या मी नळावर वाटून आले.

"आता जिचा बिछाना तिला विचारा," आई म्हणाली.

मिनूने बराच वेळ खाटेचा एक खिळा नखाने खरवडला. मग म्हणाली, "काळी."

"काळी काय?"

"गादी. आणि चादर. आणि उशी. सगळं काळं."

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "ही तुझ्याहून जहाल निघाली! एकदम काळे झेंडे!" बाबाही हसले. मीही हसले. आई हसली की नाही ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचं अलीकडे वाईट वाटतं.

मतदान झालं. लाल गोधडीच्या बाजूने बाबा आणि मी. मामाने आपल्या पोटावर हात ठेवून, या घरात चार भाकऱ्या खाल्ल्या आहेत तेव्हा मला मत आहे, असा मुद्दा काढला. बाबांनी वहीत लिहून तो मान्य केला आणि बदकांना एक मत पडलं. आईने आपली कापसाची गादी मागे घेतली आणि तटस्थ राहिली. मिनूने हातच वर केला नाही. दोन विरुद्ध एक. बदकं टेंपोत बसून ठाण्याला परत गेली.

आता मला गोधडी शिवता येत होती असं नाही. लिहिता येत होतं. शिवायला गेले गंगूमावशीकडे. ती आमची घरमालकीण. आमची चाळ उभी होती तिथे आधी तिच्या सासऱ्याची खाचरं होती, आणि माहेर तिचं खाडीकडचं, मिठागरांवरचं. दोन्ही हातांत बांगड्या कोपरापर्यंत, आणि आवाज असा की चाळीच्या एका टोकाला उभं राहून ती दुसऱ्या टोकाच्या चुलीवरची भाकरी उलटायला लावायची. तिच्या ओटीवर आठ-दहा दुपारी गोधडी पसरलेली होती. वाळत घातलेल्या सुकटीचा वास, कोंबड्या, आणि मावशीचा तो एकसारखा, मुंगीच्या रांगेसारखा धावदोरा. मधे चार जुनी धोतरं, खाली माझा जुना परकर, आणि वरच्या अंगाला तो फलक. बरोबर मधोमध मोठ्या अक्षरात "मागे हटणार नाही." मी शेजारी बसून तिला पत्रक वाचून दाखवायची. ती "बरा" म्हणायची आणि टाका घालायची.

गोधडी पुरी होत आली तसं मावशीने कापडावर हात फिरवला, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाली, "करांते, तांबरा कपरा हाय. मिठाबिगर पोरीच्या आंगाखाली घालू नको हां."

झालं. मीठ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती दृष्ट. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या, चुलीत टाकायच्या, तडतडलं की म्हणायचं लागली होती. अंधश्रद्धेवरची तीन पत्रकं मला तोंडपाठ होती, त्यातली अडीच मी तिथेच म्हणून दाखवली. लाल रंगाला कुणाची नजर लागत नाही. मिठाने संकटं टळत नाहीत. संघर्षाने टळतात.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. दोरा दातांनी तोडला. "आमचा जलम मिठागरान गेला," ती म्हणाली, "पन ज्याला समदं ठावं त्याला काय सांगाचं. धुतलंस तरी का?"

"दोनदा. साबणाने."

"बरा," मावशी म्हणाली. मग तिने शेवटचा कोपरा शिवून टाकायच्या आधी कनवटीतून चार तांदूळ काढले आणि त्या कोपऱ्यात सारले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने सुई माझ्याकडे रोखली. "गोधरी उपाशी नाय ठेवाची. याच्यावर पत्रक काढलंस तर भारं वाढवीन."

जूनमध्ये मिनूची शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात गोधडी खाटेवर घातली, तेव्हा खोलीचा रंगच बदलला. निळी खाट, वर लाल गोधडी, तिच्यावर पांढरं "मागे हटणार नाही", आणि मिनू, पाय जवळ घेऊन, अगदी कडेला. बाबांचे डोळे भरून आले. संघटनेचे दोघे-तिघे मुद्दाम बघून गेले. मिनूला विचारलं, आवडलं का? ती म्हणाली, "गरम आहे." पहिले चार दिवस ती संध्याकाळनंतर पाणीच प्यायली नाही. आई आग्रह करायची, ही तोंड फिरवायची. मला वाटलं, मुलगी संयमी होत चालली आहे. मी तसं बाबांना अभिमानाने सांगितलंसुद्धा.

पाचव्या दिवशीची सकाळ. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. आई कल्याणच्या एका शाळेत शिकवायची, तीही साडेसहाला बाहेर पडली होती. माझं कॉलेज दुपारचं, म्हणून मिनूला आवरून शाळेत धाडायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी मला वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पुरं करायचं होतं. विषय होता "सत्य". मी मान वर न करता म्हणाले, "मिनू, आज तुझं तू आवर. स्वावलंबन!" आणि तिने आवरलं. गोधडीची घडी करून खाटेवर ठेवली. झोपताना घातलेल्या पांढऱ्या पेटीकोटवरच गणवेश चढवला. वेणी पाठ करून घालून घेतात ना, त्या दिवशी तिने तोंड माझ्याकडे करून घालून घेतली. मी भांग वाकडा पाडला आणि "सत्य" हा शब्द खोडून पुन्हा लिहिला.

दहाच्या सुमाराला शाळेचा शिपाई दारात. "लवकर चला. तुमच्या बहिणीच्या पाठीतून रक्त येतंय."

मी तशीच धावत सुटले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात आईची. बाईंच्या खोलीत मिनू टेबलाजवळ उभी होती. गणवेशाच्या पांढऱ्या ब्लाउजवर, मानेपासून खाली स्कर्टच्या पट्ट्यापर्यंत, लालच लाल. बाईंनी ब्लाउज मागून थोडा वर केला होता. आतला ओला पेटीकोट लालेलाल, आणि त्या लालावर पांढरी, उलटी अक्षरं. बाई मान तिरकी करून ती वाचायचा प्रयत्न करत होत्या. गोधडीचा रंग मिनूच्या पाठीवर उतरला होता आणि जिथे अक्षरं होती तिथली जागा तेवढी कोरी राहिली होती. "हटणार नाही" एवढंच. "मागे" मागेच राहिलं होतं.

"हे काय आहे?" बाईंचा आवाज कडक होता. "कुणी मारलंय का हिला? काय लावलंय अंगाला? विचारतेय तर तोंडातून शब्द काढत नाही."

खिडकीत पहिलीचा अर्धा वर्ग गजांना लोंबकळत होता. त्यातली एक पुढच्या दातांची नसलेली मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई, हिला वाश येतोय." दुसरी म्हणाली, "शूचा!" आणि खिडकी हसली.

मिनू रडत नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती, त्या दिवशी खाटेचा कठडा धरून आईकडे बघत होती तशीच. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी काही समजावून न सांगता एक गोष्ट समजली. काळी गादी, काळी चादर, काळी उशी. जिच्यावर काहीच दिसणार नाही अशी. सतरंजीवर होती तोवर हे आईच्या आणि तिच्यामधलं होतं. पहाटे आमच्या उठायच्या आधी आई सगळं बदलून टाकायची. मग आम्ही तिला खाट दिली, आणि मी त्या खाटेवर फलक अंथरला.

मी खोटं बोलत नसे. हा माझा गुण म्हणून नव्हे, तर सवय म्हणून सांगते. वाण्याकडून आठ आणे जास्त आले तर मी परत द्यायचीच, वर भाषणही द्यायची. पण त्या खोलीत माझ्या तोंडून निघालं, "बाई, चूक माझी आहे. सकाळी मी हिच्या बिछान्यावर तांब्याभर पाणी सांडलं. कच्चा रंग होता, तो लागलाय. मी भाषण लिहीत होते, बघितलंच नाही. ही बिचारी तशीच आली." मग खिडकीकडे वळून आवाज चढवला, "आणि वास त्या रंगाचा आहे! स्वस्त रंगाला येतोच!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मिनूकडे बघितलं, आणि मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "घेऊन जा घरी," म्हणाल्या. "आणि तू गं, एवढी घोडी झालीस, जरा बघून सांडत जा."

घरी येताना मिनू माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. माझी ओढणी तिच्या पाठीवर गुंडाळलेली. पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर ती थांबली.

"ताई, तू खोटं बोललीस."

"हो."

"बाबांनापण तेच सांगणार?"

"हो."

ती विचार करत चार पावलं चालली. "तांब्या कसला होता?"

मला त्या घाईत सुचलं ते बोलले. "पितळेचा."

"मोठा?"

"मोठा."

"मग बरोबर," मिनू म्हणाली, आणि माझा हात धरला.

रंग काढायला गंगूमावशीने मदत केली. तिने मिनूला मोरीत बसवून पाठ चोळली आणि मला एका शब्दानेही बोलली नाही, ज्याचा मला जास्त त्रास झाला. शेवटी मीच विचारलं, "मावशी, मिठाने काय झालं असतं?"

"मिठाच्या पान्यान रातभर ठेवला आसता कपरा, त कच्चा रंग काय तो बादलीन गेला आसता. मंग धुवाचा, वापराचा." तिने मिनूच्या डोक्यावर तांब्या रिकामा केला. "तुना वाटला, मी दिष्ट कारते. तुज्या पत्रकाला लागली का दिष्ट?"

रविवारी सभा झाली. विषय: समताच्या बिछान्यावर पाणी सांडून केलेला निष्काळजीपणा आणि शाळेत झालेली नाचक्की. मी उभी राहून कबुली दिली. आईने फक्त एक प्रश्न विचारला, "तांब्या कुठला?" मी काही बोलायच्या आत मिनू म्हणाली, "पितळेचा. मोठा. मी बघितला." आई पोह्यांच्या ताटल्या गोळा करायला लागली. बाबांनी पेन उचललं, जरा वेळ तसंच हवेत धरलं आणि मग लिहायला लागले. माझ्या निषेधाचा ठराव मांडला गेला. आईने हात वर केला. बाबांनी केला. आणि मिनूने दोन्ही हात वर केले, अगदी बोटं ताणून.

"एका सभासदाला एक हात," बाबा म्हणाले.

मिनूने एक खाली घेतला, दुसरा तसाच ठेवला. तीन विरुद्ध शून्य. मला तिचा भयंकर राग आला. आणि मग लक्षात आलं, की तिने हात वर केला नसता तर आमच्या तांब्याला भोक पडलं असतं. साडेपाच वर्षांची पोर माझ्याहून नीट खोटं निभावत होती.

पुढची गोधडी सभेपुढे आलीच नाही. आईने तिची जुनी काळी चंद्रकळा काढली आणि मावशीच्या ओटीवर नेऊन ठेवली. चंद्रकळेचा रंग कधीच पक्का झालेला होता, तरी मावशीने मला ती आधी मिठाच्या पाण्यात बुडवायला लावली आणि मी बुडवली, एक शब्द न बोलता. औषधाच्या दुकानातून आईने रबरी कापड आणलं, ते खाली गेलं. आणि एक चादर, ती वर गेली. शेवटच्या कोपऱ्यात तांदूळ मिनूने स्वतः घातले, चार नाही, मूठभर, म्हणून तो कोपरा शेवटपर्यंत खुळखुळत राहिला. त्या रात्रीपासून ती संध्याकाळी पाणी प्यायला लागली. पावसाळा सरता सरता रबरी कापडाची गरजही सरली. लाल गोधडीचा रंग तोवर चार बादल्या मिठाच्या पाण्यात उतरून गुलाबी झाला होता. ती मी वापरली. कॉलेज संपेपर्यंत मी "मागे हटणार नाही"वर झोपले, चादर घालून. "सत्य" या विषयावरच्या स्पर्धेला मी गेले नाही. काय बोलावं ते ठरेना.

बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मिनू आणि मी त्यांचं कपाट आवरत होतो. मिनू आता चाळिशी ओलांडलेली, कल्याणला राहते, दोन मुलांची आई. खालच्या फळीवर ती काळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. आम्ही जमिनीवर बसून वाचायला लागलो. चौथ्या भाकरीमुळे मामाला मिळालेलं मत. मांजरीच्या मताधिकाराचा प्रलंबित प्रश्न. आणि मग तो रविवार. "क्रांतीने पितळेचा मोठा तांब्या सांडून केलेल्या निष्काळजीपणाचा ही सभा निषेध करते. बाजूने तीन, विरुद्ध शून्य." शाईने, स्वच्छ अक्षरात. त्याखाली, पेन्सिलने, इतकं बारीक की मिनूला चष्मा काढून वही डोळ्यांपाशी धरावी लागली: "घरात पितळेचा तांब्या नाही. तरीही नोंद अशीच ठेवावी. अध्यक्ष."

ज्यांनी आयुष्यात एक खोटा आकडा वहीत येऊ दिला नाही त्यांचं ते अक्षर होतं. मग मिनूने डोळे पुसले, वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"काही असो," ती म्हणाली, "चादर न घालायची कल्पना तुझीच होती. माझं मत बदललेलं नाही." आणि तिने दोन्ही हात वर केले. या वेळी मोजायला कुणी नव्हतं, म्हणून मी दोन्ही धरले.